निंबाऱ्याचं गाऱ्हाणं

नवी नवरी असताना मी एवढी शहाणी होते, की कडुनिंब समजून परसात त्याचा भाऊबंद निंबारा लावला आणि शेजारणींना कडुनिंबाचे गुण सांगत सुटले. परवा मुलाने तो तोडायला कसालहून माणूस आणला. त्याने कुऱ्हाड बाजूला ठेवली, झाडापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

"ह्या झाडार कोणाचो वास आसात, तर तेणी दुसरीकडे जावचा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने मीच ओरडले.

"जेणी ह्यां लायलां, तेचो जीव हेच्यात अडाकलो आसात, तर तोय सुटांदे, म्हाराजा!"

मी गप्पच राहिले.

त्याने नारळ फोडून अर्धा मला दिला, कुऱ्हाड पोत्यात गुंडाळली. "व्हय इल्याशिवाय माझी कुऱ्हाड चलना नाय, आजये."

मुलगा रोज होकार मागतो. मी म्हणते, घसा बसलाय.