युरियाच्या पिशवीतल्या थोर स्त्रिया

काकी तांब्या घेऊन ओसरीवर आल्या आणि मी ओंजळ धरली.

टळटळीत ऊन. माधवनगरावरून सायकल मारत आलेलो. कॅरिअरला पुस्तकांची लाकडी पेटी. मला वाटलं, बाई पाणी पाजतायत. काकींनी तांब्या माझ्या ओंजळीवरून पुढं नेला आणि पायरीवर मी मांडलेल्या पुस्तकांवर रिता केला.

"हां, आता उचल गं," त्या नातीला म्हणाल्या.

मी ओंजळ धरून उभाच. आणि माझ्या तोंडातून काय निघावं? "थँक्यू!"

मॅट्रिक पास. अंगात टेरिलिनचा शर्ट, डोक्याला चपचपीत तेल. पण डोकं तेवढं शिकलेलं, हात अडाणीच. बापानं जन्मभर विहिरीच्या काठी धरली, तशीच ओंजळ माझ्या हातांनी मला न विचारता धरली.

सांगलीच्या एका वाचनालयाची फिरती पेटी मी गावोगाव नेत असे. ते महिला वर्ष होतं. म्हणून पेटीत सगळी लहान मुलांची, थोर स्त्रियांवरची पुस्तकं. घोड्यावरची राणी. पहिली डॉक्टरीण. मुलींची शाळा काढली म्हणून अंगावर शेण झेलणारी मास्तरीण. गावातले आबा मोठे ऊसवाले. पेटी त्यांच्याच अंगणात उतरायची. काकी म्हणजे त्यांची बायको. आम्ही बौद्ध झालो होतो, पण ती खबर अजून काकींच्या तांब्यापर्यंत पोचली नव्हती.

राणीच्या तोंडावर घोड्याचा रंग उतरला. पुस्तकं पुरीसारखी फुगली. पुढच्या खेपेला आबा मलाच म्हणाले, "पुस्तकं भिजवून आणतोस व्हय रं? सरकारी काम म्हंजी कसंबी?"

पाणी ओतणार ते. बोलणी खाणार मी.

मग मी डोकं चालवलं. युरियाच्या पोत्यात आतून प्लॅस्टिकची पिशवी असते. तसल्या पिशव्या धुऊन, कापून एकेक पुस्तक गुंडाळलं. वर सुतळी. पायरीवर ठेवून मी चार पावलं मागं सरलो. काकींनी पाणी मारलं, पाणी ओघळून गेलं, राणी कोरडीठाक! काय खूश झालो मी! सायकलवरून शीळ घालत परत. वाटेतल्या पाटात सायकलसकट पडलो, तरी शीळ चालूच. म्हणजे बघा, त्यांनी माझा विटाळ मानायचा, मी फक्त पुस्तकं भिजू द्यायची नाहीत. ही माझी क्रांती. शिवाशिव मी वॉटरप्रूफ करून दिली.

आबा उदार माणूस. एकदा म्हणाले, "महिला वर्ष हाय. तुमच्या वस्तीतल्या पोरींस्नी बी दे की एखादं. फकस्त माघारी आलं की पाणी मारून घ्यायचं."

वस्तीतली शोभा मास्तरणीचं पुस्तक घेऊन गेली. दहा-अकराची पोर. पुढच्या खेपेला मी आबांच्या अंगणात पेटी सोडत होतो, तर ही आली. पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. वर सुतळी, गाठसुद्धा माझ्यासारखीच. तिनं ते पायरीखाली जमिनीवर ठेवलं आणि चार पावलं मागं सरून उभी राहिली.

"दादा, पाणी मारत्यात न्हवं? म्हणून मीच बांधून आणलं."

शाबासकीसाठी माझ्याकडं बघत होती.

शेण झेलणाऱ्या बाईचं अख्खं पुस्तक पोरीनं वाचलं होतं. आणि त्यातून नाही, माझ्याकडून शिकली होती. मागं कसं सरायचं ते.

मी सुतळी तोडली. प्लॅस्टिक काढून फेकलं. पुस्तक काकींच्या पुढं धरलं.

"घ्या. तिच्या हातातनं आलंय. असंच घ्यायचं."

काकी दाराआड. आबा झोपाळ्यावरून उठले. "मस्ती आली व्हय रं? कुणाच्या जिवावर गावात पुस्तकं आली?"

"तुमच्या जिवावर आली असतील तर माझ्या पायांवर जातील, आबा. पेटी आता वस्तीत उतरणार. ज्याला वाचायचंय त्यानं तिथं यायचं."

"आमच्या पोरी तुमच्या वस्तीत येनार? शुद्धीवर हाईस का?"

"आजच आलोय."

पेटी कॅरिअरवर चढवताना दोनदा निसटली, एकदा माझ्याच अंगठ्यावर. कळवळलो. पण नेली. वस्तीतल्या लिंबाखाली उघडली. आबांची नात येईल असं मला वाटलं होतं. ती आली नाही. कुणीच आलं नाही त्या बाजूनं.

आबांची तक्रार माझ्याआधी सांगलीला पोचली. ग्रंथपाल भला माणूस. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अरे, थोडं पाणीच तर होतं. तेवढ्यासाठी चांगलं काम बंद पाडायचं?"

टेबलावर त्याचा पाण्याचा ग्लास होता. मी तो उचलून त्याच्या समोरच्या नव्याकोऱ्या पुस्तकावर धरला, जरासा कलता. तो खुर्चीतून उडाला.

"थोडंच आहे, साहेब," मी म्हणालो.

पेटी माझ्याकडून गेली. नोकरीही गेली. जाऊ दे.

थोर बायकांची पुस्तकं मुलांना बक्षीस म्हणून वाटायला तुम्हा आबा-साहेब लोकांना फार आवडतं. फोटो निघतात, हार पडतात. वाटा. पण शोभाच्या हातातलं पुस्तक ज्याला आहे तसं घेता येत नाही, त्याच्या दारी मी पुस्तक नेणार नाही, आणि त्याच्या हातून आमची एकही पोर बक्षीस घेणार नाही. आमच्या पोरींना आम्ही वाचायला बसवू, आमच्या लिंबाखाली. मागं सरायचं आता तुम्ही शिका.