लेडीज जोड

ह्यांचा रंगकामाचा ठेका आहे. ओझरकडच्या कारखान्यांच्या शेड, टाक्या, पाइप रंगवायचे. कामगारांचे गणवेश दसऱ्याआधी शिवायला टाकायचे, खंडेनवमीला ब्रश आणि शिड्यांबरोबर त्यांचीही पूजा करायची आणि मग वाटायचे, ही आमची पद्धत. खिशावर फर्मचं नाव हवंच. घरीही घालता येतील असे कपडे धंद्याच्या खर्चात कसे दाखवू, असं सीएने बजावून ठेवलंय.

त्या वर्षी सीएकडे पाठवायची बिलं मी लावत होते. शिंप्याच्या बिलात शेवटी लिहिलं होतं, लेडीज जोड एक. आमच्याकडे कामाला बाई नाही. कधीच नव्हती.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, शिंप्याने चुकून लिहिलं असेल. मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मग सगळंच दिसायला लागलं. हल्ली रविवारीही साइटवर जातात. दाढी रोज करतात. परवा इंदिरानगरला कशाला गेले होते? सीएचं ऑफिस तिथेच आहे हे मला माहीत होतं, पण ते आठवायची माझी तयारी नव्हती. त्या बाईचा चेहराही मी ठरवून टाकला होता. उंच, सडपातळ, केस कापलेले. भाजी चिरतानासुद्धा मला तिचा राग यायचा.

शेवटी शिंप्याचं दुकान गाठलं. अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, लेडीज जोडाचं माप द्यायला बाई स्वतः आली होती का?

"नाही वहिनी, साहेबांनीच मापाचा कपडा आणून दिला. इथेच राहिलाय, घेऊन जा," म्हणत त्याने फळीवरून पिशवी काढली.

आत माझा हिरवा कुर्ता होता. तोच हळदीचा डाग, मीच बदललेलं वरचं बटण. किती दिवस शोधत होते मी तो. धुणीभांडी करणाऱ्या बाईवरही संशय घेऊन झाला होता.

घरी येऊन कुर्ता ह्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा कुठे तोंड उघडलं. कागदोपत्री मी फर्मची सुपरवायझर होते. कर वाचवायला माझ्या नावाने पगार लागत होता. ते बोट ठेवतील तिथे मी सही करत आले होते, त्यातच हेही होतं. सुपरवायझर दाखवली म्हणून तिचा गणवेशही दाखवला. तो गोदामातल्या पेटीत घडीसकट पडून होता.

"मला सांगितलं का नाही?"

"त्यात सांगण्यासारखं काय? तो कोणी घालायचा थोडाच होता."

क्षणभर हायसं वाटलं. मग त्या उंच बाईचा आला नव्हता इतका ह्यांचा राग आला. तिला निदान कोणीतरी बघायला तरी जात होतं.

जोड मागवून अंगात घालून बघितला. खांद्यातच अडकला. कुर्ता माझ्या बाळंतपणाआधीचा, हौसेने जपलेला. मुलगी आता कॉलेजात आहे. ह्यांच्या लेखी मी अजून त्याच मापाची होते.

दुसऱ्या दिवशी जोड नमुन्याला घेऊन पुन्हा शिंप्याकडे गेले. नवा शिवायचाय म्हटल्यावर त्याने सवयीने मापाचा कपडा मागितला.

"कपडा नाही आणला," मी म्हणाले. "माप अंगावरच घ्या. सोमवारी मला साइटवर जायचंय."