बारा वाजताची डावी कूस

"हे घ्या, डॉक्टरीणबाई."

असं म्हणून मोठ्या डॉक्टरांनी शालन सिस्टरच्या हातात बेडपॅन दिलं. रिकामं होतं, पण धुतलेलं नव्हतं. सकाळचा राउंड चालला होता. भोवती सात-आठ शिकाऊ डॉक्टर, खाटेवर पाय मोडलेला पेशंट, शेजारी त्याची बायको. डॉक्टरांच्या दुसऱ्या हातात शालनचा अर्ज होता. तिनं नोकरी सांभाळून नर्सिंगची एम.एस्सी. केली होती. आता पीएच.डी. करायची होती, त्यासाठी दवाखान्याचं ना-हरकत पत्र हवं होतं. तो अर्ज त्यांनी तिथंच उभं राहून मोठ्यानं वाचला.

"नर्सिंगमध्ये पीएच.डी.! भांडं द्यायला डॉक्टर व्हावं लागतंय होय आता?"

पोरं हसली. मग डॉक्टर माझ्याकडं वळले.

"काय ब्रदर, तू पण करणार का? करा, करा. तुमच्यात काय, सगळं सवलतीत मिळतंय."

'तुमच्यात' म्हणजे कुणात, हे अख्ख्या वॉर्डाला कळलं. मी आणि शालन एकाच जातीचे. उचगावच्या बाजूला आमच्या वस्त्या एकमेकींना लागून. तो घाव आम्हा दोघांवर होता.

मी हसलो.

आज वय झालंय, आणि हे पहिल्यांदा लिहून काढतो. डॉक्टर बोलले ते त्यांचं. हसलो ते माझं. त्या दवाखान्यात एकवीस वर्षं मी नर्स म्हणून काढली. लोक ब्रदर म्हणायचे. माझ्यापेक्षा वयानं लहान डॉक्टर मला अरे-तुरे करायचे. केबिनमध्ये मला कधी कुणी बस म्हटलं नाही. मला वाटायचं, हसलो की आपण त्यांच्यातले होतो. शालन हसली नाही. ती बेडपॅन घेऊन गेली, धुऊन जागेवर ठेवलं आणि परत येऊन राउंडमध्ये उभी राहिली. डॉक्टरांकडं बघत.

पत्र तिला सहा महिन्यांनी मिळालं. दवाखान्याच्या नर्सिंग कॉलेजला शिकलेली माणसं दाखवायची होती, म्हणून मिळालं. तिनं विषय घेतला बेडसोअरचा.

खुब्याचं हाड मोडलेला, लकवा भरलेला माणूस स्वतः कूस बदलू शकत नाही. एकाच अंगावर पडून राहिला की कातडी लाल होते, मग काळी पडते, मग फुटते. त्यावर पहिला उपाय हातांचा. दर दोन तासांनी माणसाला वळवायचं. डावी कूस, पाठ, उजवी कूस. आणि खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या चार्टवर वेळ आणि सही.

आमच्या वॉर्डात चाळीस खाटा आणि एका पाळीला दोन नर्स. एका पेशंटला वळवायला दोघं लागतात. जमायचं नाही. चार्ट मात्र पुरा लागायचा, कारण तपासणीची माणसं यायची. ती चार्ट बघायची. पाठी बघायची नाहीत.

मग मी एक रीत पाडली. मी वॉर्डाचा इनचार्ज होतो. ड्युटीवर आलं की आधी सगळ्या पाळीचे चार्ट भरून टाकायचे. आठ, दहा, बारा, दोन. नंतर कामाला लागायचं. डॉक्टरांना ठाऊक होतं. मॅट्रनला ठाऊक होतं. पण रीत माझी.

पन्हाळ्याखालच्या एका गावातली म्हातारी खुबा मोडून आमच्याकडं आली होती. मुलगा सकाळी डेअरीला दूध घालून एस.टी.नं यायचा आणि आईच्या उशाशी बसायचा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून म्हातारी म्हणायला लागली,

"पाठ जळाय लागलीया रं लेकरा."

मी म्हणायचो, "बदलतो आज्जी, थांबा जरा."

ती थांबली. कमरेखाली तळहाताएवढी जखम झाली, आत हाड दिसायला लागलं. एका सकाळी तपासणी होती. मी आठ वाजताच सगळे चार्ट भरले. सव्वादहाला म्हातारी गेली. मुलगा तेव्हा एस.टी.त होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, "वय झालं होतं. कातडी नाजूक असते म्हाताऱ्या माणसाची." त्यानं हात जोडले.

आणि तिच्या चार्टवर माझ्या अक्षरात होतं: बारा वाजता, डावी कूस. दोन वाजता, उजवी कूस. खाली सही.

तो कागद फायलीतून काढायचं मी विसरलो. अभ्यासासाठी जुन्या फायली चाळताना शालनच्या हाती तो लागला. ती कुणाकडं गेली नाही, आधी माझ्याकडं आली.

"ब्रदर, ही बाई सव्वादहाला गेली. बाराला तिची कूस कुणी बदलली?"

मी औषधाच्या बाटल्या मोजत राहिलो.

तिनं ते दवाखान्याला द्यायच्या आपल्या अभ्यासाच्या अहवालात लिहिलं. माझं नाव न घालता. आठवड्यानं डॉक्टरांनी मला बोलावलं. टेबलावर माझ्या नावाचा टाइप केलेला जबाब होता. त्या दिवशी ड्युटीला शालन होती आणि संशोधनाला पुरावा हवा म्हणून तिनंच मागाहून माझी सही ठोकून चार्टवर खोट्या नोंदी केल्या, असं मी लिहून देत होतो. मी सही केली. उभ्या उभ्या.

शालनची नोकरी गेली. पीएच.डी. गेली. कुठल्याशा तालुक्याच्या लहान दवाखान्यात ती लागली. मी निवृत्त झालो, तेव्हा डॉक्टरांनी माझ्या गळ्यात हार घातला.

पुढं माझ्या बायकोला लकवा झाला. तिला आता मी वळवतो. दर दोन तासांनी. सून मदत करते. भिंतीवर चार्ट लावलाय.

त्या जबाबाला बारा वर्षं झाली, आणि यंदा एका दुपारी दवाखान्याची गाडी मला न्यायला घराशी आली, थेट केबिनपाशी सोडलं. मोठे डॉक्टर आता म्हातारे झालेत. म्हणाले, "बसा." मी खुर्चीत बसलो. कपबशीतून चहा आला.

"ती तुमची सिस्टर," ते म्हणाले, "दुसरीकडून पीएच.डी. करतेय. प्रबंधात आपला तोच चार्ट घातलाय. आम्ही विद्यापीठाकडं तक्रार केलीय. समिती तुम्हाला बोलावेल. तुम्ही काय करायचं, त्या जुन्या जबाबावरची सही माझी आहे, एवढंच म्हणायचं. बास."

मी चहा प्यालो. हेही लिहितो. प्यालो.

घरी आलो तर कूस चुकली होती. सून धाकट्या नातवाला आणायला शाळेत गेली होती आणि मी तिकडं खुर्चीत बसलो होतो. बायकोची पाठ लाल झाली होती. मी वळवायला लागलो तसं ती अडखळत म्हणाली,

"उशीर केलासा."

"व्हय."

"वार्डात बी असंच करत हुतासा?"

चेष्टा केली तिनं. आजारानं तोंड वाकडं झालंय, पण हसताना कळतं. मी खाटेवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. म्हातारीचं, चार्टचं, शालनचं. ती हसायची थांबली.

"म्हातारी मेली ती मेली," ती म्हणाली. "पर त्या पोरीला का खाल्लासा?"

मी शालनला फोन लावला. नाव सांगितलं. मग ती बोलली.

"माफी मागाय फोन केलाय व्हय, ब्रदर? मला नको ती. मी काय करू तिचं? जिथं खोटं लिहून दिलंत, तिथंच खरं लिहून द्या. मंगळवारी अकरा वाजता." आणि ठेवून दिला.

मंगळवारी गेलो. लांब टेबल, पाच माणसं. एका बाजूला मोठे डॉक्टर आणि त्यांचा वकील. समोर शालन. केस पांढरे झालेत तिचे. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

समितीच्या अध्यक्षांनी माझा जुना जबाब दाखवला. "ही सही तुमची का?"

"माझी. आणि वरचं सगळं खोटं."

डॉक्टर हसले. तेच हसणं. "वय झालंय हो ब्रदरचं. आठवत नसेल."

"कोरा कागद द्या," मी म्हणालो.

कागदावर मी आठ, दहा, बारा, दोन लिहिलं. पुढं कूस, खाली सही. बाराच्या आकड्याला मी शेपूट काढतो, लहानपणापासून. तो कागद मी म्हातारीच्या चार्टशेजारी ठेवला. पाचही माणसं पुढं वाकली. कुणी हसलं नाही.

"मेलेल्या बाईची कूस मी बदलली," मी म्हणालो. "शालन सिस्टरनं नाही. या डॉक्टरांना ते तेव्हाही माहीत होतं. आणि अजून एक लिहून घ्या. हिला भरवॉर्डात बेडपॅन दिलं होतं, तेव्हा मी हसलो होतो. आज हसणार नाही."

डॉक्टर म्हणाले, "तू कुणामुळं नोकरीत टिकलास, विसरलास काय रे?"

परत 'तू' झालो होतो. बरं वाटलं.

"विसरलो नाही," मी म्हणालो. "म्हणूनच आलोय."

बाहेर पायऱ्यांवर शालन भेटली. नमस्कार केला नाही, आभार मानले नाहीत. "बारा वाजून गेले," एवढंच म्हणाली आणि रिक्षात बसली. बरोबर केलं. तिची बारा वर्षं माझ्या एका सहीनं गेली, ती दुसऱ्या सहीनं परत येत नाहीत.

समितीचा निकाल अजून लागायचाय. वकिलाची नोटीस मात्र आली. बदनामी, खोटी साक्ष, काय काय लिहिलंय. लिहू दे. माझी नर्स म्हणून नोंदणी आहे, ती काढून घ्यायची तर घ्या, असं मी स्वतःच नर्सिंग कौन्सिलला कळवलंय. शालनच्या प्रबंधाला पुन्हा कुणी हात लावला, तर पुन्हा त्या टेबलापाशी जाईन. काठी घेऊन जावं लागलं तरी जाईन.

आणि एक माणूस राहिलाय. दूध घालून एस.टी.नं येणारा. त्यानं आमच्यापुढं हात जोडले होते. उद्या सकाळी मी त्याच्या गावाला चाललोय. तुझी आई वयानं गेली नाही, आम्ही तिला वळवलं नाही, हे त्याच्या दारात उभं राहून सांगणार आहे. तो शिव्या देईल, मारील. खाईन. त्याला डॉक्टरांवर केस करायची असेल, तर पहिला साक्षीदार मी. पहिला आरोपीही मीच.

आठची कूस बदलून निघेन. दहाची सून बदलेल. बाराच्या आत परत यायचंय. बाराची डावी कूस मी माझ्या हातांनी बदलणार आहे. सही त्यानंतर.