कुंडीकाका पकडले जातात

परक्या इमारतीत चोरून शिरण्याचा पगार मिळतो, हे कुंडीकाकांच्या सासूबाईंना शेवटपर्यंत पचलं नाही. "जावई काय करतात?" असं कुणी विचारलं, की त्या घाईघाईने "बागकाम" म्हणून मोकळ्या व्हायच्या.

पण काम खरंच तेच होतं. आपल्या इमारतीची राखण कितपत पक्की आहे, हे तपासायला मालक लोक काकांना बोलवायचे. काका कुलपाला हातही लावत नसत. दोन्ही हातांत भलीमोठी कुंडी धरायची, कार्ड लावून उघडणाऱ्या दारापाशी जायचं आणि जोरात "हुश्श" करायचं. कुणीतरी धावत येऊन दार धरायचंच. एका साहेबांनी तर स्वतः लिफ्टचं बटण दाबलं, वर सुचवलं, "तिजोरीच्या खोलीत ठेवा ना, तिथे फारच रुक्ष वाटतं."

इतक्या वर्षांत काका एकदाही सापडले नव्हते. हे ते जेवताना सांगायचे, झोपताना सांगायचे, भाजीवाल्याला तर सुट्टे परत घेता घेता सांगायचे.

"आधी कंबर बघा स्वतःची," काकू म्हणायच्या. "आणि कुंडीतलं माझं झाड बघा. तुमच्यामागे हिंडून एक पान धड उरलं नाही बिचाऱ्याचं."

"ज्या दिवशी कुणी मला पकडेल, त्या दिवशी काम बंद. मग तर झालं?"

"शब्द?"

"शब्द!" काकांना वाटलं, स्वस्तात सुटलो.

त्या सकाळी औषधं बनवणाऱ्या कंपनीत जायचं होतं. तिथल्या मॅनेजरने आधीच सांगून ठेवलं होतं, "दारावरची मुलगी नवी आहे. फार गोड बोलते, मला धाकधूकच वाटते. तुम्ही आत शिरलात, की तिला नारळ."

काकांनी दाराशी कुंडी सावरली. कमरेत अशी कळ आली, की "हुश्श" आपोआपच निघालं.

मुलगी ताडकन उठली. "अय्या काका, केवढं ओझं हे!"

गेली बिचारी, काका मनात म्हणाले.

"द्या इकडे." तिने कुंडी अलगद काढून घेतली, टेबलावर ठेवली, खुर्ची पुढे केली. "बसा. पाणी घ्या."

काका बसले. अर्धा ग्लास प्यायले.

"हात मोकळे झाले ना? आता कार्ड दाखवा."

काकांनी सगळे खिसे चाचपले. ही त्यांची पाठ झालेली भूमिका होती. "अगं, वरच राहिलं बघ. साहेबांनीच मागवलीय ही कुंडी."

"कुठल्या साहेबांनी? फोन लावते."

"ते गं... टक्कल असलेले."

"वर तिघांना टक्कल आहे, काका. कुठल्या टकलाला लावू?"

"पोरी, जाऊ दे ना. झाड सुकेल."

"सुकतंय कसं!" तिने उरलेलं अर्धा ग्लास पाणी कुंडीत ओतलं आणि आणखी आणायला कोपऱ्यातल्या नळाकडे गेली. नजर मात्र दारावरच.

तेवढ्यात लिफ्टमधून मॅनेजर उतरला. "अरे, तुम्ही इथे बसलात? म्हणजे वर जाऊनसुद्धा आलात?"

नुसतं "हो" म्हटलं असतं, तरी भागलं असतं. फुशारकी शाबूत राहिली असती, उद्याही कुंडी उचलता आली असती. तिकडे मुलगी नळाशी उभी राहून ग्लास काठोकाठ भरत होती, काकांच्या झाडासाठी.

"कसला वर जातोय!" काका म्हणाले. "हिने बसवून ठेवलंय मला. हिला कायम करा. आणि मला उठायला हात द्या, कंबर गेलीय."

घरी आले, तर दार नेहमीसारखं सताड उघडं. एरवी काकांनी उंबऱ्यातूनच राखणीवर भाषण ठोकलं असतं.

"पकडलं," ते म्हणाले.

"कुणी?"

"एका मुलीने. पाणी पाजून."

काकू हसता हसता भिंतीला टेकल्या. मग डोळे पुसून त्यांनी कुंडी हातात घेतली, खिडकीशी ठेवली. "बस बाळा. आता कुठे जायचं नाही."

काकांना कळेना, हे झाडाला की आपल्याला. त्यांनी उघड्या दाराकडे बोट दाखवलं. "निदान दाराला कडी तरी लावत जा गं."

"कडी कशाला?" काकूंनी खुर्ची ओढून उंबऱ्याशी मांडली. "उद्यापासून तुम्ही घरीच ना? बसा इथे. आणि कुणी कुंडी घेऊन आला, तर आधी पाणी विचारा."