ओलं कुंकू आणि जपानी तलवार

दसऱ्याच्या कार्यक्रमाला तलवार द्यायची नव्हती. मुलानं मला न विचारता मंडळाला हो म्हणून टाकलं. मंडळ म्हणजे इथं कॅनडातल्या आमच्या व्हिटबीकडची मराठी माणसं. बरेचसे पुण्या-नागपूरकडचे कॉम्प्युटरवाले, आणि त्यांच्या डोक्यावर अध्यक्ष म्हणून एक रिटायर्ड डॉक्टर. यांची खंडेनवमी पंचांग बघून येत नाही. शाळेचं जिम रिकामं मिळेल त्या शनिवारी येते.

"बाबा, इट्स ओन्ली फॉर टू अवर्स," मुलगा म्हणाला.

"गंज धरायला तेवढे पुरतात."

"यू आर बीइंग डिफिकल्ट."

"आहेच मी."

तलवार जपानी आहे. माझ्या सासऱ्यांची. ते पलटणीत हवालदार होते, ब्रह्मदेशात लढले. लढाई संपल्यावर जपान्यांनी हत्यारं खाली ठेवली, त्यातली ही एक साहेबानं त्यांच्या हातात दिली. पराक्रमाची गोष्ट सांगा म्हणून कुणी मागं लागलं, तर म्हणायचे, "रांगेत उभ्या केलेल्या एका उपाशी माणसाची वस्तू आहे. त्यात पराक्रम कसला?" ते गेल्यावर ती एकुलत्या लेकीकडं, म्हणजे माझ्या बायकोकडं आली.

मला ती वस्तू कधी आवडली नाही. मी सातवी शिकलेला माणूस, जन्मभर कारखान्यात वेल्डिंग केलं. ज्या लोखंडाचा काही उपयोग नाही त्याचे लाड कशाला करायचे? पण बायको जपायची. ती नर्स होती. तिच्या वॉर्डात एक म्हातारा जपानी पेशंट होता, त्यानं तिला रीत शिकवली. पात्याला उघडं बोट लावायचं नाही, घामाचा डाग पडतो. धार वर ठेवून हळूच ओढायची. जुनं तेल मऊ फडक्यानं टिपायचं आणि नवं इतकं पातळ लावायचं की दिसू नये. पातं उघडं असताना बोलायचं नाही, थुंकी उडते. "अहो, तोंड मिटा जरा," म्हणायची. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं.

म्यान लाकडाचं, वरून चामडं. घर तापवणाऱ्या फर्नेसच्या गरम हवेनं चिरेल म्हणून ते आमच्या कपाटात आडवं असायचं. आणि ओलं पातं आत कधी घालायचं नाही. लाकूड ओल धरतं, मग पातं आतल्या आत खराब होतं आणि बाहेरून कळतही नाही.

खंडेनवमीला ती माझ्या पान्या-हातोड्यांना, विळीला, स्वतःच्या कात्रीला कुंकू लावायची. तलवारीला नाही. "ती कुणाच्या तरी घरची आहे," म्हणायची. "आपल्याकडं ठेवायला आलीय. गंजवली तर लाज आपली."

या साली बर्फ वितळायच्या आत ती गेली. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, भरल्या कपाळानं गेली, भाग्य लागतं. पुढं चहाचे कप ठेवले होते म्हणून गप्प बसलो. असलं भाग्य त्यांच्याच घरी ठेवावं.

आणि वर्षही झालेलं नसताना हे मंडळवाले तलवार मागायला आले. मुलाची मान खाली जाऊ नये म्हणून दिली. फडकं आणि तेलाची बाटली खिशात घालून पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

डॉक्टरसाहेबांनी तलवार खसकन उपसली. कुणी केळं सोलतानाही इतकी घाई करत नाही. मग ती तोंडापुढं धरून भाषण. मराठ्यांचा पराक्रम, मावळे, रक्त, परंपरा. तलवार जपानी, ती आणणारा माणूस त्यात पराक्रम नाही म्हणणारा, आणि यांच्या थुंकीचे कण पात्यावर दिव्याच्या उजेडात चमकतायत. मग बायका आल्या. हळद, पाण्यात कालवलेलं कुंकू, अक्षता, वरून फुलानं पाणी शिंपडणं. मग कॉम्प्युटरवाले आले, एकेकानं पात्यावर हात ठेवून फोटो काढले. मोबाइलच्या काचेवर ओरखडा आला तर हीच माणसं दोन दिवस जेवत नाहीत.

सगळं झाल्यावर डॉक्टरांनी म्यान उचललं. मी उठलो.

"थांबा. पुसल्याशिवाय आत घालू नका."

"अहो, पूजेचं कुंकू आहे. असं लगेच पुसायचं नसतं. असू दे, उद्या बघू."

"उद्या लाकूड तुम्ही बदलून देणार?"

"आजोबा, तुम्ही जरा शांत व्हा."

हा माझ्याच वयाचा माणूस मला आजोबा म्हणतो. मी त्यांच्या हातून म्यान काढून घेतलं, तलवार घेतली, टेबलावर मांडून पुसायला लागलो. लाल पाणी फडक्यात उतरत होतं. एक बाई हळूच म्हणाल्या, "काका, कुंकू पुसू नये हो. अपशकुन असतो."

"तो होऊन गेलाय," मी म्हणालो.

मी पुसत राहिलो. मूठ ते टोक, पुन्हा मूठ ते टोक. तेल लावलं, जादाचं टिपलं, धार वर ठेवून म्यानात घातली. मागं कुणीतरी आपट्याच्या पानांऐवजी छापील कागदाची पानं वाटायला लागलं होतं.

गाडीत सून म्हणाली, "बाबा, डॉक्टरकाका खूप हर्ट झालेत. एकदा सॉरी म्हणा ना."

"त्यांना म्हणावं पुढच्या वर्षी स्वतःचा स्टेथोस्कोप ठेवा पूजेला. भाषण त्याच्यापुढं करा."

मुलाच्या तोंडून हसू निसटलं, मग त्यानं रस्त्याकडं बघायचं सोंग केलं. मला घरी सोडून ती दोघं गेली.

जेवणाच्या टेबलावर दिवा ओढून मी तलवार पुन्हा काढली. बोटांचे ठसे जिथं जिथं पडले असतील असं वाटलं, तिथं तिथं पातं तिरकं धरून बघितलं. तिच्यासारखे माझे डोळे नाहीत, म्हणून भिंग घेऊन बघितलं.

"नाही पडला डाग," मी मोठ्यानं म्हणालो. मग फडकं घेऊन तेवढा भाग परत पुसला.