जबल अल लौझवर दिसलेला वाकडा हात

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहा संपवून उठणारा मी माणूस. कामगारांच्या कॅम्पमध्ये अशा गोष्टींना तोटा नसतो. अमक्या खोलीतला नळ म्हणे आपोआप सुरू होतो... मी म्हणायचो, वॉशर बदला. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय, पण घडलं ते घडलं.

मी रफिक, मूळचा रत्नागिरीकडचा, क्रेन ऑपरेटर. हल्ली सौदीत तबूकला असतो, बायको नसीमाही सोबत आहे. त्याआधी बरीच वर्षं अल खफजीला काढली. तिथे माझे सिग्नलमन होते हसनभाई, श्रीवर्धनकडचे. लोकांना वाटतं क्रेन ऑपरेटर चालवतो. अहो, भिंतीपलीकडे लोड उतरवायचा असला की ऑपरेटर आंधळाच असतो, त्याला दिसतात ते फक्त सिग्नलमनचे हात. लहानपणी आंब्यावरून पडल्यामुळे हसनभाईंचा डावा कोपर कधी सरळ झाला नाही. पण त्या वाकड्या हाताच्या इशाऱ्यावर मी अवजड टाक्या अंडं ठेवावं तशा खाली ठेवल्यात. असा सिग्नलमन पुन्हा मिळाला नाही.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. ‘थांब’ हा इशारा कुणीही देवो, ऑपरेटरनं थांबायचं. का ते विचारायचं नाही, आणि पुढचा इशारा येईपर्यंत लिव्हरला हात लावायचा नाही. हसनभाईंनी हे माझ्या हाडात मुरवलं. मग ते कायमचे गावी गेले.

गेल्या हिवाळ्यात तिथल्या जबल अल लौझ डोंगरावर बर्फ पडला. सौदीत बर्फ म्हटलं की गावाकडचे हसतात, पण तबूकच्या बाजूला पडतो. आधी पडलेला रात्रीत गोठून कडक झाला होता, त्यावर वाऱ्यानं नवा भुसभुशीत थर आणून टाकला होता. शनिवारी लख्ख ऊन पडलं आणि आम्ही दोघं निघालो. नसीमाला एकदा बर्फात उभं राहून लेकीला फोटो पाठवायचा होता.

वर गाडी लावून चालत निघालो. पुढे एक घळ आडवी आली. घळीपलीकडचा बर्फ कोरा होता, कुणाचं पाऊल न लागलेला. नसीमा म्हणाली, “तिकडंच जाऊ. इथं सगळा चिखल झालाय.”

मी घळीत पाय टाकणार, तोच समोरच्या उंचवट्यावर माणूस दिसला. त्यानं दोन्ही हात बाजूला पसरले आणि जोरात हलवले. आमच्यात याचा अर्थ एकच, तातडीनं थांब. त्याचा उजवा हात सरळ होता. डावा कोपरात वाकलेला.

मी जागच्या जागी थिजलो. नसीमाचा दंड धरून ठेवला.

“अवो, चला ना. पाय गारठले माझे.”

“थांब.”

“कोण हाय तिकडं?”

“हसनभाई.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की बस. हात सोडवून ती पुढे जायला निघाली, मी सोडलं नाही. खरं सांगतो, मला धोका वगैरे काही कळला नव्हता. इशारा आला म्हणून मी थांबलो होतो, एवढंच. मग ‘धप्प’ असा आवाज झाला. वरचा थर चिरला आणि घळीतला सगळा बर्फ आमच्या पुढ्यातून दगडांसकट खाली गेला. खाली सरळ कडा होता.

उंचवट्यावरच्या माणसानं दोन्ही हात पोटासमोर एकमेकांत गुंतवले. म्हणजे काम संपलं. नसीमा मला बिलगून रडत होती. तिला सावरून मी वर पाहिलं, तर तिथे कुणी नव्हतं. बर्फावर एक पाऊलही नव्हतं.

वरच्या वाटेवरून एक सौदी म्हातारा धापा टाकत आला. अल्हम्दुलिल्लाह म्हणत त्यानं काठीनं उरलेला बर्फ खरवडून दाखवला. खाली काचेसारखा गुळगुळीत थर होता. मी मोडक्या अरबीत विचारलं, तो समोरचा माणूस कुठे गेला? म्हातारा म्हणाला, मी वरून तुम्हालाच बघत होतो, तिकडे कुणीच नव्हतं.

तबूकला पोचल्यावर हसनभाईंच्या घरी फोन लावला. भाभीनं उचलला, आवाज घाबरलेला होता. “दुपारी जेवून अंगणात खुर्चीवर बसले होते. एकदम उठून दोन्ही हात पसरून उभे ऱ्हायले. मी हाका मारल्या तर बोलत नाय. मग हात जुळवलान् आणि खाली बसले.”

मी वेळ विचारली. अडीच तासांचा फरक धरला तर जुळत होती.

फोन हसनभाईंनी घेतला. त्या माणसानं आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही, आणि मी अजून काहीच सांगितलं नव्हतं. मी रडत रडतच विचारलं,

“हसनभाई, तुम्ही काय बघितलंत?”

“मना काय ठाव? हात आपले आपण वर गेले.” मग त्यांनीच विचारलं, “तू थांबलास ना?”

“थांबलो.”

“मग खलास.”

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, कुणाकडे असेल तर जरूर लिहा. मी हसनभाईंना पुन्हा विचारलेलं नाही. सिग्नलमनला का ते विचारायचं नसतं.