सुमनकाकू जेवत नाहीत

म्हातारं माणूस गप्प झालं की ते शहाणं झालं, असं आपण उगाच धरून चालतो. कुवेतमधल्या फहाहीलच्या त्या शुश्रूषागृहात तर सगळ्यांनीच तसं धरलं. त्यात आमची सुहासिनीही आली, आणि तिला तरी कळायला हवं होतं.

सुहासिनी गुहागरकडची. नर्सिंग केलं रत्नागिरीत, काही वर्षं चिपळूणच्या दवाखान्यात घालवली आणि मग कुवेतला आली. नवरा गावी आंब्याची कलमं सांभाळतो आणि ही इकडे दुसऱ्यांच्या आयांना अंघोळी घालते. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. कुठल्याही म्हातारीला कुशीवर वळवायचं असलं की पोरी हिलाच हाक मारतात, कारण हिच्या हातात कोणी कण्हत नाही. पण काळजी करायची खोड अशी, की सगळं सुरळीत असलं तरी हिच्या पोटात गोळा. आज काहीच कसं झालं नाही, याचीसुद्धा हिला धास्ती!

सुमनकाकू तिच्याच मजल्यावर होत्या. मूळच्या सिन्नरच्या. मुलगा परीक्षित रिफायनरीत इंजिनिअर, राहायला अहमदीला. सून नेहा इस्पितळातल्या लॅबमध्ये, तिच्या ड्यूटीचा काही नेम नाही. काकू मुलाकडे आल्या, न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण घरी दिवसभर बघणार कोण? म्हणून इथे.

आल्या तेव्हा काय तोरा होता बाईंचा! चहा आला की म्हणायच्या, "हे काय भांडी विसळलेलं पाणी आहे का?" खिचडीत मीठ कमी म्हणून ताट परत. घंटी अशी वाजवायच्या की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात यायचे. इथे सगळ्या म्हाताऱ्यांना "मामा" म्हणायची पद्धत आहे, म्हणजे आई. फिलिपिनो पोरी काकूंना पाठीमागे "मामा डेंजर" म्हणायच्या. सुहासिनीला मात्र त्या आवडायच्या. ती आपल्या खोलीवरून मऊ भात नि मेतकूट आणायची. काकू दोन घास खाऊन नावं ठेवायच्या आणि वाटी चाटून पुसून रिकामी करायच्या.

मग एकदा अंघोळ घालताना काकू तिला म्हणाल्या, "लते, पाणी फार कढत आहे गं."

लता कोण, हे सुहासिनीला ठाऊक होतं. काकूंची मुलगी. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाने गेली, त्याला कितीतरी काळ लोटला. परीक्षितनेच एका शुक्रवारी सांगितलं होतं. आता ओल्या अंगाने बसलेल्या म्हातारीला "मी लता नाही, लता मेली" असं सांगायचं का? कोणाची जीभ रेटेल? सुहासिनीने "ओ" दिली. ओ द्यायला आपलं काय जातंय, असं तिला वाटलं. काकूंनी डोळे मिटून पाणी ओतून घेतलं.

त्या दिवसापासून सुहासिनी लता झाली. ती त्यांना "आई" म्हणू लागली, आणि बघता बघता काकू निवळल्या. घंटी वाजवणं बंद. आपल्या पांघरुणाची घडी आपणच घालायच्या. कोणी खोलीत आलं की डोक्यावर रुमाल ओढून सावरून बसायच्या. चहा नको, दूध नको, काही काही नको. "भरलंय गं पोट माझं, तुमचं चालू दे," असं गोड हसून सांगायच्या. पोरी खूश! "मामा गुड नाऊ," म्हणून एकमेकींना सांगायला लागल्या. सुहासिनीच्या मनाला चुटपुट लागली होती, नाही असं नाही. पण चार लोक कौतुक करत असले की माणूस आपल्या मनाचं तोंड दाबतो.

काकूंना वजनकाट्यावर बसवलं तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. इन्चार्ज फरजाना हैदराबादची, शिस्तीची बाई. तिने सुहासिनीला बाजूला घेतलं. म्हणाली, "मामा बदल गई है. पुरानी जाँच अब किसी काम की नहीं."

तिथला नियम साधा होता. माणूस दाखल होताना मनाची, बुद्धीची एक तपासणी व्हायची. त्यानंतर त्याच्यात मोठा फरक पडला, बिघडला किंवा सुधारला, तरी ती तपासणी नव्याने करायची. काकूंची पहिली तपासणी झाली तेव्हा सुहासिनी सुट्टीवर गावी होती आणि दुभाष्याचं काम खुद्द परीक्षितने केलं होतं. अहवाल कसा स्वच्छ होता! सगळं उत्तम, आई एकदम नॉर्मल. या वेळी फरजानाने बजावलं की घरच्या माणसाने मध्ये बोलायचं नाही. काकू काय बोलतात ते सुहासिनी सांगेल.

झालं! सुहासिनीचा जीव टांगणीला लागला. कारण हे घर होतं शरीराने थकलेल्यांचं. मनाचा आजार निघाला आणि माणूस जेवतच नसला, तर त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या इस्पितळात न्यायचे, नाकात नळी घालायचे. तिथे मराठीचा शब्द बोलणारं कोणी नाही. काकूंना तिथे "लते" म्हणायलाही कोणी मिळणार नव्हतं.

परीक्षित तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी धावत आला. अंगावर अजून कंपनीचा निळा डगला. तिला कॉरिडॉरच्या टोकाला नेऊन म्हणाला, "सुहासिनीताई, तुम्ही आपलं माणूस आहात म्हणून बोलतो. जरा सांभाळून घ्या."

"सांभाळून म्हणजे काय करू, दादा?"

"आई कधीकधी काहीतरी बरळते. ते तसंच्या तसं सांगायची काय गरज? झाकली मूठ सव्वा लाखाची. इथून हलवलं तर मी कुठे नेऊ तिला? घरी एकटी ठेवली तर गॅस चालू ठेवून बसते. सिन्नरला कुलूप आहे."

"आणि त्या जेवत नाहीत त्याचं काय?"

"तुम्ही भरवा ना. तुमचं ऐकते ती."

हे ऐकून सुहासिनीला राग आला. माझं ऐकतात तर मग वाटी परत का येते रोज? पण राग गिळून ती नुसती मान हलवून गेली, आणि ती मान होकाराची होती की नकाराची, हे तिचं तिलाही समजलं नाही. परीक्षित काही वाईट मुलगा नव्हता हो. घाबरला होता. घाबरलेल्या माणसाला खोटं बोलणं म्हणजे व्यवस्था लावणं वाटतं. आणि तिच्यापुढे इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगावं तर काकू जाणार, खोटं सांगावं तर काकू उपाशी मरणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर हाला आल्या. इजिप्तच्या, पोक्त, बोलायला शांत. काकूंच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसल्या. परीक्षित पायथ्याशी उभा होता. टेबलावर मऊ भाताची वाटी, नेहमीसारखी निवत आलेली. 

डॉक्टरांनी नाव विचारलं, काकूंनी बरोबर सांगितलं. मुलाचं नाव, तेही बरोबर. परीक्षितचा चेहरा जरा सैलावला. मग डॉक्टरांनी विचारलं, "ही जागा कुठली आहे?"

काकू हसल्या. हाताने सुहासिनीकडे दाखवत म्हणाल्या, "हिचंच की! माझ्या लेकीचं घर."

परीक्षित खाकरला. सुहासिनीने त्याच्याकडे पाहिलं. एक सुंदर खोटं तिच्या जिभेवर तयार होतं: "त्या म्हणतात, इथल्या मुली मला लेकीसारख्या आहेत." सगळे खूश झाले असते, डॉक्टर हसल्या असत्या, अहवाल पुन्हा स्वच्छ. तिने ओठ उघडलेसुद्धा.

पण त्याआधीच काकू पुढे बोलल्या. परीक्षितकडे बघून, तक्रारीच्या सुरात. "अरे, तूच सांग हिला. रोज वाटी आणते, रोज आग्रह करते. लेकीच्या सासरी कोणी जेवतं का? हिची कूस उजवली नाही अजून. नातवंड झालं की बसेन ना पाटावर. तोवर मला इथलं पाणीसुद्धा गोड लागायचं नाही."

सुहासिनीला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

अहो, तिची स्वतःची आई! एसटीने चिपळूणला यायची, पिशवीत स्वतःचा डबा नि स्वतःची पाण्याची बाटली. लेकीच्या घरी खाटेच्या कडेला बसून स्वतःची भाकरी खायची. "मूल होऊ दे, मग जेवीन पोटभर," म्हणायची. सुहासिनीला मूल झालं नाही. आई गेली, पण लेकीच्या घरचा घास काही तिने तोंडात घेतला नाही. ती रीत तिच्या छातीवर दगडासारखी बसली होती, आणि तीच रीत समोर पांघरुणाची घडी घालून पाहुणी होऊन बसली होती, तर हिला दिसली नाही! काकू शहाण्या नव्हत्या झाल्या. त्या लेकीच्या सासरी अदबीने वागत होत्या. आणि त्यांना लेकीच्या सासरी आणून बसवलं होतं ते हिच्याच "ओ"ने.

"काय म्हणाल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

परीक्षित हलक्या आवाजात म्हणाला, "ताई..."

सुहासिनीने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने सांगायला सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. त्या मला आपली मुलगी समजतात. ती मुलगी जिवंत नाही. आमच्याकडे जुनी रीत आहे, मुलीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरी जेवत नाहीत. मी त्यांच्या हाकेला ओ देत गेले, म्हणून त्यांचं अन्न तुटलं. शेवटी शेवटी तिचं इंग्रजी मोडलं, पण तिने एकही गोष्ट गाळली नाही. मनात मात्र धाकधूक चालूच होती. आता नेतील काकूंना, आणि ते माझ्या तोंडून झालेलं असेल.

डॉक्टरांनी परीक्षितला विचारलं, "हे आधीपासून होतं का?"

तो खाटेच्या दांडीला टेकला. मग म्हणाला, "हो. मागच्या तपासणीतही तिने लताचं विचारलं होतं. मी सांगितलं नाही. मला वाटलं, तुम्ही तिला ठेवून घेणार नाही."

"मला तेव्हाच कळलं असतं तर औषधं, उपचार तेव्हाच सुरू झाले असते," डॉक्टर म्हणाल्या. रागावून नाही, पण तेच जास्त लागलं. "विसरण्याच्या आजारासाठी मी कोणाला बाहेर काढत नाही. पण न जेवणाऱ्या माणसाला मी इथे ठेवू शकत नाही. आज पोटात अन्न गेलं नाही, तर संध्याकाळी इस्पितळात न्यावं लागेल."

फरजाना दारातून म्हणाली, "सुहासिनी, बोल दे ना उनको, बच्चा हो गया."

सुहासिनीचा चेहरा उतरला.  आज बाळ झालं म्हणून सांगायचं, आणि उद्या त्या बाळ मांडीवर मागणार. आणि बाळ झालं हे तिने, तिच्याच तोंडाने, कसं सांगायचं? फरजानाला काय ठाऊक!

तेवढ्यात तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रीत लेकीच्या घराची आहे. मुलाच्या घराला कसली रीत? मुलाच्या घरी तर आईच धनीण!

"दादा," ती म्हणाली, "वाटी तुम्ही घ्या. त्यांना सांगा, हे घर तुमचं आहे. मी इथे कामाला आहे म्हणून सांगा. सुहासिनी नाव आहे म्हणून सांगा."

परीक्षितने वाटी उचलली. आईला भरवायची त्याला सवय नव्हती. तो खाटेच्या कडेला टेकला. "आई, हे लताचं घर नाही. माझं घर आहे. तुझ्या मुलाचं. आणि या सुहासिनीताई, इथे काम करतात. जेव आता."

काकूंनी सुहासिनीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. सुहासिनीला वाटलं, आता हाक मारतील, आणि आपण ओ देऊन सगळं मातीत घालू. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. लताला तिने तिथेच सोडलं, आणि ते तिला फार जड गेलं.

"तुझं होय रे?" काकू मुलाला म्हणाल्या. "मग आधी नाही का सांगायचं? इतके दिवस मी आपली संकोचून बसले." त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून उशाशी टाकला आणि तोंड उघडलं. पहिला घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला त्या म्हणाल्या, "मीठ कमी आहे," आणि दारातल्या फरजानासकट सगळ्यांच्या जिवात जीव आला. वाटी अर्ध्यावर आली. डॉक्टर काहीतरी लिहू लागल्या. परीक्षितच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसतही होता.

काकूंनी तोंड पुसलं. खोलीभर नजर फिरवली, पडदे बघितले, खिडकी बघितली.

"चांगलं आहे घर. ऐसपैस आहे," त्या म्हणाल्या. "पण परीक्षित, घर तुझंच आहे, तर मला इथे ठेवून तू रोज झोपायला कुठे जातोस रे?"

परीक्षितचा चमचा वाटीतच राहिला.

"आता काय म्हणाल्या?" डॉक्टरांनी मान वर करून विचारलं.

परीक्षितने सुहासिनीकडे पाहिलं. या वेळी त्याने "ताई" म्हटलं नाही, नुसतं पाहिलं. सुहासिनीने काकूंचा प्रश्न जसाच्या तसा डॉक्टरांना सांगितला.